व्हाइट यांच्या खुर्च्या, ब्रायंट पार्क आणि 'तण' नावाची जात

निरीक्षण पद्धत समजून घ्यायला एखादं छोटं, वाचवेल असं पुस्तक सांग, असं कुणी विचारलं की मी विल्यम व्हाइट यांचं 'द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस' सांगते. १९८० चं पुस्तक, सव्वाशे पानांच्या आसपास. त्याच नावाची तासाभराची फिल्मही आहे. ज्यांना पुस्तकाचा कंटाळा आहे त्यांनी फिल्म बघा, पण बघाच. व्हाइट मुळात 'फॉर्च्युन' मासिकातले संपादक होते. तरी प्रश्न कसा विचारायचा, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आज मात्र त्यांचं कौतुक थोडक्यात उरकून एका तक्रारीकडे यायचं आहे. तक्रार पुस्तकाबद्दल कमी आहे. त्या पुस्तकाचा पुरावा म्हणून न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचं उदाहरण जसं सगळीकडे दिलं जातं, त्याबद्दल जास्त आहे.

आधी पार्श्वभूमी. १९५८ मध्ये पार्क ॲव्हेन्यूवर सीग्रॅम बिल्डिंग उभी राहिली. मीस व्हान डेर रोह यांनी ३८ मजल्यांचा टॉवर रस्त्यापासून मागे घेतला आणि पुढे मोकळा दगडी चौक सोडला. लोकांना तो आवडला, दुपारी तिथे माणसं बसायला लागली. शहराला वाटलं, असे चौक अजून व्हावेत. १९६१ च्या नियमावलीत सवलत आली: सर्वांत दाट भागात चौकाची १ चौरस फूट जागा लोकांसाठी सोडा आणि टॉवरमध्ये १० चौरस फूट जादा बांधा. आपल्याकडे जादा एफएसआय म्हटलं की बिल्डरचे कान टवकारतात, तसंच तिथेही झालं. ऑफिसांचे टॉवर भराभर उठले आणि प्रत्येकाच्या पायाशी एक चौक आला. पण बरेचसे चौक रिकामे! बसायला जागा नाही, कट्ट्यावर अणकुचीदार सळ्या, कुठे वारा, कुठे नुसती फरशी. जेरॉल्ड केडन यांनी २००० साली अशा जागांची जी मोठी नोंद प्रसिद्ध केली, तिच्यात ३२० इमारतींच्या ५०३ जागा आहेत आणि त्यातल्या ४१ टक्के जागा त्यांनी 'जेमतेम उपयोगाच्या' गटात टाकल्या आहेत. बांधलेले जादा मजले मात्र कायमचे.

व्हाइट यांचा प्रश्न इथून निघतो: काही चौक भरलेले, काही ओस, असं का? सत्तरच्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १६ चौक आणि ३ छोट्या बागा निवडल्या, सुपर एट कॅमेरे लावले, कागदावर खुणा करत माणसं मोजली. पहिलं गृहीतक उन्हाचं होतं. जिथे ऊन तिथे माणसं, असं त्यांना वाटलं होतं. आकडे जुळले नाहीत. मग चौकाचा आकार बघितला, मग क्षेत्रफळ. तेही जुळेना. शेवटी जुळलं ते अगदी साधं कारण: जिथे बसायला जागा जास्त तिथे माणसं जास्त.

तुम्ही हसाल. मीही हसले होते. पण पुस्तकातली मला सगळ्यांत आवडणारी पानं हीच आहेत. फसलेली गृहीतकं त्यांनी लपवली नाहीत, ज्या क्रमाने फसली त्याच क्रमाने सांगितली. सिनॉप्सिस लिहिताना आपण सगळे आधीच उत्तर माहीत असल्यासारखं लिहितो, ती सवय मोडायला ही पानं औषध आहेत. शिवाय या 'साध्या' उत्तरातून कायदा झाला. १९७५ च्या दुरुस्तीत चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे १ फूट लांबीची बैठक सक्तीची केली गेली.

नमुना लहान आहे, मोजणी मुख्यतः चांगल्या हवेतल्या दुपारच्या जेवणाच्या वेळची आहे, आणि बघितलेली माणसं बरीचशी आसपासच्या ऑफिसांतली आहेत. हे आक्षेप तुम्हीही काढाल, त्यावर वेळ घालवत नाही. व्हाइट कुठेही प्रयोगशाळेतला दावा करत नाहीत.

आता ब्रायंट पार्क. मॅनहॅटनच्या मध्यात, ४० ते ४२ व्या रस्त्यांच्या मध्ये, सार्वजनिक ग्रंथालयाच्या पाठीमागे ही बाग आहे. १९३४ मध्ये रॉबर्ट मोझेस यांच्या काळात तिची पुनर्रचना झाली, तेव्हा ती रस्त्यापेक्षा उंचावर नेली आणि भोवती झुडपं नि लोखंडी कुंपण आलं. कल्पना अशी की गोंगाटापासून शांतता मिळावी. सत्तरच्या दशकात हीच शांतता ड्रग्ज विकणाऱ्यांच्या पथ्यावर पडली, कारण बाहेरून आतलं काही दिसत नसे. रॉकफेलर ब्रदर्स फंडासाठी व्हाइट यांनी बागेचा अभ्यास केला आणि सल्ला दिला: कुंपण काढा, झुडपं कापा, प्रवेश रुंद करा, रस्त्यावरून आत दिसू द्या. १९८० मध्ये बाग सुधारण्यासाठी खासगी, ना-नफा महामंडळ निघालं. पुढे आसपासच्या मालमत्तांवर खास आकारणी बसवून त्याला पैसा मिळाला. १९८८ मध्ये बाग बंद झाली, १९९२ मध्ये उघडली. लॉरी ऑलिन यांचा आराखडा, मोठी हिरवळ, आणि त्या प्रसिद्ध हलत्या खुर्च्या. खुर्ची इंच-दोन इंच सरकवून मगच माणूस बसतो, हे व्हाइट यांनी टिपलेलं निरीक्षण प्रत्यक्ष बघायचं तर तिथे बघावं.

बाग भरली. आजही दुपारी तिथे खुर्ची मिळायला नशीब लागतं म्हणतात. आणि यावरून जो निष्कर्ष शहररचनेच्या वर्गात शिकवला जातो तो असा: चांगल्या रचनेने चांगली माणसं येतात, ती आली की 'नको असलेली' माणसं आपोआप निघून जातात.

'आपोआप' या शब्दाशी माझं भांडण आहे.

माझं पदव्युत्तर शिक्षण वनस्पतिशास्त्रातलं, त्यामुळे मला हे उदाहरण माझ्याच भाषेत समजतं. समजा माळावर घाणेरीचं जंगल माजलंय. तुम्ही म्हणता, गवत लावलं तर ते घाणेरीला हटवेल. हे स्पर्धेचं गृहीतक झालं. ते तपासायचं तर घाणेरी उभी असतानाच गवत पेरायला हवं आणि कोण टिकतं ते हंगामामागून हंगाम चौकट टाकून मोजायला हवं. त्याऐवजी मी आधी घाणेरी मुळासकट उपटली, चार वर्षं प्लॉटला कुंपण घातलं, माती पालटली, गवत लावलं, पाणी दिलं, राखणदार नेमला, आणि मग लिहिलं की 'गवताने घाणेरीवर मात केली', तर माझे गाईड पेपर फाडून टाकतील. आणि बरोबरच करतील. इथे स्पर्धा झालीच नाही, जमीन साफ केली गेली.

ब्रायंट पार्कचं नेमकं हेच आहे. बाग चार वर्षं बंद होती, कारण रचना बदलायची होती आणि हिरवळीखाली ग्रंथालयाची पुस्तकं ठेवायला कोठारं खणायची होती. उघडली तेव्हा तिच्यात नव्या खुर्च्यांबरोबर सुरक्षारक्षक होते, रोजची झाडलोट होती, खाण्याचे स्टॉल होते, वेगळा पैसा होता. म्हणजे एकाच वेळी सगळं बदललं. मग श्रेय कुणाला द्यायचं, खुर्चीला, कापलेल्या झुडपाला, रक्षकाला की चार वर्षांच्या कुलपाला?

यात शहरही जागच्या जागी थांबलेलं नव्हतं. १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये २,२०० हून जास्त खून झाले होते, १९९८ मध्ये साडेसहाशेपेक्षा कमी. अख्ख्या शहरात गुन्हे असे घसरत असताना एका बागेतली घसरण रचनेमुळे झाली म्हणायचं तर शेजारची, न बदललेली बाग तुलनेला हवी. तिला आपण कंट्रोल म्हणतो, आणि या गोष्टीत ती कुठेच नाही.

कुणी म्हणेल, बाग सुधारली ना, मग कारण काहीही असो. फरक पडतो. कारण खुर्ची असेल तर ती कुठलीही नगरपालिका विकत घेऊ शकते. कारण रक्षक आणि शेजारच्या टॉवरांकडून येणारा पैसा असेल, तर जिथे असे टॉवर नाहीत तिथे नुसत्या खुर्च्या मांडून काही होणार नाही, उलट खुर्च्या चोरीला जातील. शहरं मात्र खुर्चीचीच नक्कल करतात, कारण फोटोत खुर्ची दिसते, हिशेबाची वही दिसत नाही.

आता घाणेरीचं उदाहरण मीच दिलंय, तेव्हा त्यातली अडचणही मीच सांगायला हवी. माणसांना तण म्हणणं मला पटत नाही. पण त्यातूनच एक गोष्ट ध्यानात येते. 'तण' ही वनस्पतिशास्त्रातली जात नाही. कुठल्याही वर्गीकरणाच्या पुस्तकात तुम्हाला ती सापडणार नाही. तण म्हणजे ज्याचं शेत आहे त्याला नको असलेलं रोप, बस्स. इंग्रजीत या बागांच्या संदर्भात वापरला जाणारा 'अनडिझायरेबल' हा शब्द तसाच आहे. त्यात ड्रग्ज विकणारा येतो, दारू प्यायलेला म्हातारा येतो, आणि घर नाही म्हणून बाकावर झोपलेला माणूसही येतो. तिघांची कारणं वेगळी, उपाय वेगळे, मोजणीत मात्र एकच रकाना.

व्हाइट यांच्याशी प्रामाणिक राहायचं तर सांगायला हवं की हे त्यांना कळत होतं. अशी माणसं ही खरी अडचण नसून त्यांना हुसकायला केलेले उपाय ही अडचण आहे, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. सळ्या लावल्या की दारुड्याबरोबर तुम्ही-आम्हीही बसू शकत नाही. तरीही त्यांचं मोजमाप 'किती जण बसले' इतकंच राहिलं. जो उठून गेला तो कुठे गेला, यासाठी त्यांच्या तक्त्यात जागा नाही. कॅमेरा चौकाकडे रोखलेला होता, चौकाबाहेर जाणाऱ्याच्या मागे तो गेला नाही. समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांनी १९९५ च्या पुस्तकात ब्रायंट पार्कवर टीका केली ती याच अंगाने: सार्वजनिक जागा कुणासाठी हे खासगी मंडळ ठरवू लागलं की 'सार्वजनिक' या शब्दाचं काय उरतं? त्यांची भाषा मला काही ठिकाणी जरा जास्तच तिखट वाटते, पण प्रश्न नेमका आहे.

व्हाइट यांचं एक मोजमाप मला खरंच आवडतं: जागेत बायकांचं प्रमाण किती. बसायची जागा निवडताना बायका जास्त चोखंदळ असतात, त्यामुळे हे प्रमाण घसरलं तर काहीतरी बिनसलंय समजा. मी स्वतः अनोळखी बागेत शिरताना आधी हेच बघते, कुठलंही पुस्तक वाचायच्या आधीपासून. पण हेसुद्धा आत असलेल्यांचंच मोजमाप आहे.

आणि आत असलेले कोण, हे टॉवर ठरवत जातात. २००९ मध्ये ४२ वा रस्ता आणि सहावी ॲव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर बँक ऑफ अमेरिका टॉवर पूर्ण झाला. उंची टोकासकट ३६६ मीटर, आणि पत्ता? 'वन ब्रायंट पार्क'. ज्या बागेच्या वाटेला लोक जात नव्हते तिचं नाव आता टॉवरच्या दारावर आहे. बागेचं मंडळ शेजारच्या मालमत्तांच्या पैशावर, स्टॉलच्या भाड्यावर आणि प्रायोजकांवर चालतं. बाग चांगली असली की ऑफिसचं भाडं चढतं, त्या मालमत्तांकडून बागेला पैसा मिळतो, बाग अजून चांगली होते. हे चक्र वाईट आहे असं मी म्हणत नाही, झाडलोट होते हे खरंच आहे. पण १९९३ पासून २०१० पर्यंत वर्षातून दोनदा फॅशन वीकचे तंबू याच बागेत पडत होते, आणि आत निमंत्रितांनाच प्रवेश होता. त्या दिवशी कुणी कॅमेरा लावून डोकी मोजली असती तर बाग 'भरलेली' निघाली असती. 'किती जण आले' हा आकडा एवढा भाबडा आहे.

तुमच्यापैकी कुणी शहरातल्या बागांवर प्रस्ताव लिहीत असेल, तर पुनर्रचना सुरू व्हायच्या आधी किमान दोन हंगाम मोजायला जा. सकाळी, दुपारी आणि रात्रीही. त्याच शहरातली न बदलणारी एक बाग जोडीला घ्या. बाकावर झोपणारा, विकणारा, नुसता बसणारा, यांचे रकाने वेगळे ठेवा, आणि जमलं तर त्यांच्याशी बोला. आजूबाजूचे चार-पाच रस्ते, स्टेशनचा जिना, पुलाखालची जागा यांचीही मोजणी त्याच दिवशी करा. ब्रायंट पार्कच्या बाबतीत अशी मोजणी १९८८ मध्ये, कुलूप लागायच्या आदल्या आठवड्यात सुरू करता आली असती. दोन रस्ते पलीकडे पोर्ट ऑथॉरिटीचं बस टर्मिनल होतं, जवळच टाइम्स स्क्वेअर. उठवलेली माणसं कुठे दिसू शकतील, याचा अंदाज बांधायला नकाशाही लागला नसता.