‘निष्ठा’ हे कथनसूत्र : ब्रह्मावर्ताची घराणी आणि कुलवृत्तांत

कुलवृत्तांत हा विसाव्या शतकात मराठीत चांगलाच रुजलेला लेखनप्रकार. पण इतिहाससंशोधक त्याकडे केवळ साधन म्हणून पाहतात आणि समीक्षक पाहतच नाहीत. वास्तविक मूळ पुरुष, मूळ गाव, कुलदैवत, शाखा-उपशाखा ही त्याची मांडणी संकेतबद्ध आहे, आणि संकेत आहेत तेथे अर्थनिर्णयनाचे काम आहेच. वंशावळ स्वभावतः कथा सांगत नाही, नावे सांगते. एखाद्या शाखेने गाव सोडले की मात्र तिला कारण द्यावे लागते, आणि तेथे कथन सुरू होते. पदच्युत धन्यामागे परमुलखात गेलेल्या घराण्यांबाबत हे कारण जणू ठरलेलेच असते : निष्ठा. हे कारण नसून मागाहून बसविलेले कथनसूत्र आहे, असे येथे सुचवावयाचे आहे.

जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लाख रुपयांच्या नेमणुकीवर कानपूरजवळ बिठूरला, म्हणजे ब्रह्मावर्तास, जाऊन राहिला. त्याच्याबरोबर आणि मागाहून अनेक कुटुंबे गंगेकाठी वसली. माल्कमच्या अटी या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोग्या आहेत. पेशव्यावरील आसक्तीमुळे बुडालेल्या जुन्या आश्रितांसाठी त्याने रदबदली केल्यास तिचा उदारपणे विचार होईल, असे आश्वासन त्यांत आहे. म्हणजे निष्ठावंतांचा हा वर्ग, निदान या करारापुरता, जेत्याच्या कागदावर आणि तहाच्या देवघेवीतील एक बाब म्हणून अवतरतो. घराण्यांच्या आत्मकथनात तो केव्हा शिरला, हा पुढचा प्रश्न.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहून कॅनडात वसलेल्या ‘लॉयलिस्ट’ कुटुंबांशी येथे तुलना सुचते. त्यांच्या निष्ठेला कागदावर मोल होते. नुकसानभरपाईचे दावे ऐकण्यासाठी १७८३ साली आयोग नेमला गेला; १७८९ मध्ये लॉर्ड डॉर्चेस्टरने अशा कुटुंबांची नोंद वेगळी ठेवून वंशजांनाही तो मान देण्याचे ठरविले. आजही तेथील वंशज पिढ्यांचे पुरावे जोडून प्रमाणपत्र मिळवितात. त्यांचे कुलकथन मुळात एक अर्ज आहे, आणि अर्जाला दाता लागतो. त्यांचा राजा टिकला. ब्रह्मावर्तवासीयांचा दाता १८५१ मध्ये वारला, डलहौसीने नेमणूक नानासाहेबाकडे चालू ठेवली नाही, आणि १८५७ नंतर तर जुनी निष्ठा उच्चारणे म्हणजे फितुरीची कबुली देणे झाले. अर्ज करायचा कोणाकडे?

पेणहून रोह्याकडे जाताना लागणाऱ्या कासूसारख्या गावांतून उत्तरेस गेलेल्या शाखांचा माग काढू इच्छिणाऱ्याने वंशावळ हाती घेण्याआधी याच तालुक्यातील वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वाचावा. घरचे कर्ज फेडण्यासाठी, बायजाबाई शिंदे मथुरेस करणार असलेल्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने, हा भिक्षुक काका रामभटांसह १८५७ साली निघाला आणि झाशीच्या वेढ्यात सापडला. गोडसे यांना द्रव्याची इच्छा सांगताना संकोच वाटत नाही. तरीही राणीविषयीचा त्यांचा ओलावा खोटा नाही. ‘निष्ठा की पोट’ हे द्वंद्वच त्यांच्या संहितेला परके आहे. तेथे जो संबंध दिसतो त्याला जुना शब्द आहे ‘आश्रय’. त्यात अन्न आणि आपुलकी वेगळी काढता येत नाहीत. कुलवृत्तांतकार ‘आश्रय’ वगळून ‘निष्ठा’ घालतो तेव्हा पूर्वजांचा गौरव होतो, पण त्यांची भूक पुसली जाते. हा मला गंभीर दोष वाटतो. गरिबीमुळे देशोधडीस लागलेल्या माणसाला त्याच्या वंशजांनी वीर करावे, हेही एक प्रकारचे नाकारणेच आहे.

या संहितेचा इतिहासही बोलका आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्य यांनी ती छापली, पण भाषेत फेरफार करून आणि काटछाट करून. मूळ रूप दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. मधल्या काळात सावरकरांच्या ग्रंथाने (१९०९) सत्तावनला स्वातंत्र्यसमर ठरविले होते, आणि पुढे स्वराज्यही आले. जी निष्ठा लपवावी लागत होती ती आता मिरविता येऊ लागली. म्हणून कुलवृत्तांतातील ‘निष्ठेने गेले’ हे शब्द वाचताना ते कोणत्या दशकात छापले गेले, हे आधी पाहावे.

एक गोष्ट मात्र हा लेखनप्रकार नकळत अचूक टिपतो. कर्जतजवळच्या वेणगावचे माधवराव नारायण भट बिठूरला गेले. त्यांचा मुलगा १८२७ मध्ये बाजीरावाच्या मांडीवर दत्तक बसला. वंशावळीच्या नियमाने दत्तक गेलेला मुलगा जनक घराण्याच्या शाखेत खुंटतो आणि दुसऱ्या कुळाच्या पानावर उगवतो. आश्रयासाठी गेलेल्या भटांचा मुलगा अशा रीतीने स्वतःच धनी झाला. आश्रित कोण आणि आश्रयदाता कोण, हे अशा वेळी वंशवृक्षाच्या दोन पानांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले असते. त्या दोन पानांच्या मधली जागा कोणताही कुलवृत्तांतकार भरत नाही.