अपूचा उच्चार आणि लिसाचे उत्तर

‘द सिम्प्सन्स’ ही अमेरिकी ॲनिमेशन मालिका डिसेंबर १९८९ पासून अव्याहत चालू आहे. इतक्या दीर्घ काळ चालणाऱ्या मालिकेत काही भाग फसणारच, आणि फसलेल्या प्रत्येक भागाची समीक्षा करीत बसण्याचे कारण नाही. ८ एप्रिल २०१८ रोजी प्रक्षेपित झालेला ‘नो गुड रीड गोज अनपनिश्ड’ हा भाग मात्र निराळ्या अर्थाने निराशाजनक आहे. तो कंटाळवाणा आहे हा त्याचा गौण दोष होय. आपल्याच पूर्वसंहितेचा त्याला विसर पडावा, हा प्रमुख दोष.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. चोवीस तास उघडे असणारे किराणा दुकान चालविणारा अपू हे या मालिकेतील भारतीय पात्र १९९० पासूनचे. त्याचे नाव सत्यजित राय यांच्या चित्रपटत्रयीवरून घेतलेले. आवाज मात्र हँक अझारिया या गोऱ्या अमेरिकी नटाचा. हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदकाराने २०१७ साली ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ या माहितीपटात आपला आक्षेप मांडला. अमेरिकेत वाढणाऱ्या भारतीय मुलांना शाळेत चिडविण्यासाठी हाच उच्चार वापरला गेला, आणि कित्येक वर्षे पडद्यावर त्यांच्यासारखा दिसणारा दुसरा कोणी जवळपास नव्हताच, हे त्याचे म्हणणे होते.

मालिकेने दिलेले उत्तर म्हणजे प्रस्तुत भाग. मार्ज आपल्या बालपणीचे आवडते पुस्तक लिसाला वाचून दाखवू लागते आणि ते वंशद्वेषाने भरलेले असल्याचे तिच्या ध्यानात येते. ती ते स्वच्छ करते. स्वच्छ झालेले पुस्तक निर्जीव होते. मग लिसा थेट प्रेक्षकाकडे वळून, कधीकाळी वाखाणलेली निरुपद्रवी गोष्ट आज अयोग्य ठरत असेल तर करायचे काय, अशा आशयाचे बोलते. शेजारी अपूची तसबीर. तिच्यावरील मजकुरात बार्टचे जुने पालुपद आहे. त्याचा अर्थ उगाच त्रागा करू नकोस असा, पण त्याच्या शब्दांत गाय आहे. म्हणजे उत्तर देतानाही हिंदू माणसावरचा गायीचा विनोद सुटलेला नाही. या गोष्टीकडे पुढे केव्हातरी पाहू, असे मार्ज म्हणते; पाहिलेच तर, अशी पुस्ती लिसा जोडते.

हे वाक्य लिसाच्या तोंडी यावे, इथेच भाग कोसळतो. लिसा ही या कुटुंबाची सदसद्विवेकबुद्धी. १९९५ च्या ‘लिसा द व्हेजिटेरियन’मध्ये ती मांसाहार सोडते तेव्हा इतरांच्या मतांविषयी सहिष्णुता तिला शिकविणारा अपूच असतो. १९९६ च्या ‘मच अपू अबाउट नथिंग’मध्ये परदेशस्थांना घालवून देण्याची मोहीम सुरू होते, अपू खोटी कागदपत्रे मिळवून अमेरिकी असल्याचे सोंग आणतो, उच्चारही बदलतो, आणि त्याच सोंगाची त्याला लाज वाटते. उच्चार हा मुखवटा असू शकतो आणि तो उतरविण्या-चढविण्याला किंमत मोजावी लागते, हे या मालिकेला १९९६ साली ठाऊक होते. बाख्तीनच्या परिभाषेत बोलायचे तर तेथे उक्ती द्विस्वरी होती. २०१८ मध्ये उरला तो एकच स्वर, आणि तोही मालकाचा.

यावर एक बचाव नेहमी केला जातो: या मालिकेत स्कॉटिश माळी आहे, इटालियन आचारी आहे, मग भारतीयानेच का दुखावून घ्यावे? हा बचाव मला खानदेशात राहून फार ओळखीचा वाटतो. आमच्याकडे धुळ्याच्या बाजूची अहिराणी आणि यावल-रावेरकडची लेवा गणबोली यांतील फरक शेंबड्या पोरालाही कळतो. मराठी रंगभूमीवरील विनोदी गडी बहुधा यांपैकी काहीच बोलत नाही. तो कोणत्याच गावची नसलेली ‘गावरान’ बोलतो. अपूची गतही तीच. नाव बंगाली चित्रपटातले, लांबलचक आडनाव कोणत्याच भारतीय भाषेतले नव्हे, आणि उच्चार अमेरिकी कानांनी कल्पिलेल्या एका सरधोपट भारताचा. एखाद्या समाजाची दहा रूपे दिसत असतील तर अकरावे विडंबन खपून जाते. एकच रूप दिसत असेल तर ते विडंबन राहत नाही, ओळखपत्र होते.

जळगावच्या एका पदव्युत्तर वर्गात बहिणाबाईंची कविता वाचली जात होती. बाहेरून आलेल्या एका विद्यार्थ्याने ती सिनेमातल्या खेडुताच्या हेलात वाचली. वर्ग हसला. मीही हसलो, हे नमूद करणे भाग आहे. असोद्याकडची एक मुलगी हसली नाही. तिने तीच कविता पुन्हा वाचली, घरात बोलतात तशी. तेव्हा कोणालाच हसू आले नाही, आणि ओळीतला खरा नर्मविनोद प्रथमच ऐकू आला. लिहिता न येणाऱ्या बहिणाबाईंची गाणी मुलाने व एका नातलगाने उतरवून घेतली, ती त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. तिथे बोली ऐकणारा कान घरचा होता. (जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले तेही २०१८ मध्येच.) नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) तर हास्याची दिशाच उलटते: सांगवीहून पुण्यास गेलेला पांडुरंग सांगवीकर स्वतःच निवेदक असल्याने हसू येते ते पुण्यालाही आणि त्यालाही.

म्हणून या भागाने उभा केलेला पेच मुळात खोटा आहे. जुने पुस्तक जसेच्या तसे ठेवा, नाहीतर रक्त काढून घेतलेले वाचा, असे दोनच पर्याय तो मांडतो. अपूला अधिक लिहिता आले असते, हा तिसरा पर्याय त्याच्या गावीही नाही. वस्तुतः बावीस वर्षांपूर्वी मालिकेने तो स्वतःच आजमावला होता. या माध्यमात पात्रांचे वय वाढत नाही. लिसा आठ वर्षांचीच राहते. ही सोय विनोदाला लाभते. पण या सोयीतून लेखकांनी आपल्यालाही काळ लागू नाही असा निष्कर्ष काढला, तेव्हा आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी थकलेल्या संपादकाचे वाक्य आले.

त्याच एप्रिल महिन्यात अझारियाने एका मुलाखतीत बाजूला होण्याची तयारी दाखविली आणि लेखनकक्षात दक्षिण आशियाई लेखक हवेत असे म्हटले. नटाला जे सुचले ते संहितेला सुचले नाही. जानेवारी २०२० मध्ये आपण अपूला यापुढे आवाज देणार नसल्याचे त्याने जाहीर केले. त्यानंतर अपू मालिकेत अधूनमधून दिसला तो गर्दीत, पार्श्वभूमीला, काही न बोलता.