ठराव आणि अंगठा

कसबा पेठेतील कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत. मानाच्या गणपतींत त्याचा मान पहिला. त्याचा सार्वजनिक उत्सव १८९३ पासूनचा. अशा उत्सवांचा भार वाहणाऱ्या मंडळांच्या बैठकींची एक ठरीव भाषा आहे : सूचक, अनुमोदक, दुरुस्ती, बहुमत, इतिवृत्त. मंडळाचा निर्णय म्हणजे या भाषेत उच्चारलेले वाक्य होय. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अशा वाक्यांची मीमांसा आढळते. ‘ठराव संमत झाला आहे’ हे अध्यक्षांचे वाक्य घटनेचे वर्णन करीत नाही. त्याच्या उच्चाराने घटना घडते.

आज वर्गणी, मांडव, ढोल-ताशांची सुपारी यांविषयीची पुष्कळशी चर्चा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर होते. त्यामुळे निर्णयप्रक्रियेत लोकशाही वाढली, असा एक पक्ष आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. वाडा सोडून कोथरूडला राहावयास गेलेल्या सभासदाचे आणि रात्रीच्या बैठकीस येऊ न शकणाऱ्या सभासद स्त्रीचे मत आता पोहोचते. तथापि मत पोहोचणे आणि निर्णय होणे या भिन्न गोष्टी होत.

गटावर सूचना येते, तिच्याखाली काही अंगठे उमटतात, बाकीचे गप्प राहतात. आणि दुसऱ्या दिवशी ‘सर्वांचे ठरले’ असे गृहीत धरले जाते. अंगठ्याचा अर्थ ‘वाचले’, ‘मान्य’ की केवळ अध्यक्षांविषयीचा आदर? कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात एका शेतकऱ्याने २०२१ साली जवसाच्या कराराच्या छायाचित्रास अंगठ्याने उत्तर दिले. करार पोहोचला एवढाच त्याचा अर्थ, असे त्याचे म्हणणे होते. २०२३ साली न्यायालयाने ती संमती ठरविली. तेथे निदान लेखी मसुदा समोर होता. गटावर पुष्कळदा तोही नसतो.

मौनाचेही तसेच. सभेत अध्यक्ष ‘कोणाचा विरोध आहे काय?’ असे विचारतात. म्हणून तेथील मौन हे उत्तर असते. गटावरील मौन उत्तर नव्हे. ते न वाचल्याचेही असू शकते.

लोकवर्गणीचा हिशेब देणाऱ्या संस्थेत हा प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही. वर्षानंतर एखाद्या खर्चाविषयी विचारणा झाली, तर उत्तरदायी कोण, हे अंगठ्यांच्या गर्दीतून निष्पन्न होत नाही. चर्चा गटावर खुशाल व्हावी; निर्णय मात्र सूचक-अनुमोदकांच्या नावांसह इतिवृत्तात एका पूर्ण वाक्यात लिहिला जावा. तसे वाक्य लिहिता येत नसेल, तर निर्णय अद्याप झालेला नाही असेच समजणे योग्य.