मुलांच्या खोलीतला कॅमेरा: तक्त्यात काय मोजलं आणि काय सुटलं

पेट देऊन पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण मला एक प्रश्न विचारतात: पेपर 'चिकित्सक नजरेनं' वाचायचा म्हणजे नेमकं करायचं काय? आज त्यासाठी मी माझ्या विषयातला पेपर घेत नाही. घरात घडलेली एक गोष्ट घेते, कारण तिथं मी स्वतः चुकले. आणि ती चूक सिनॉप्सिस लिहिताना तुमच्याही हातून होऊ शकते.

माझी ताई नाशिकला बँकेत आहे. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी आठ महिन्यांची, दोघांची खोली एकच. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा तिचा फोन आला, "तू संशोधन करतेस ना? मग मुलांच्या खोलीत लावायला चांगला वायफाय कॅमेरा कुठला ते सांग." दिवसा घरी मावशी असतात, पण ताईला ऑफिसातून अधूनमधून बघता यायला हवं होतं. मी शनिवार-रविवार बसून दहा मॉडेलांचा तक्ता केला आणि पहिला आलेला कॅमेरा तिला कळवला. तिनं तो घेतला.

तक्ता दिसायला शास्त्रीय होता

चित्राच्या रेझोल्यूशनला ३० टक्के वजन, रात्रीच्या चित्राला २५, किमतीला २५ आणि ग्राहकांच्या स्टारना २०. बेरीज १००, क्रमवारी तयार. नंतर मी तोच तक्ता उघडून रेझोल्यूशनचं वजन १० केलं आणि उरलेलं बाकीच्यांत वाटलं, तर पहिला आलेला कॅमेरा सहावा गेला. म्हणजे क्रमवारी कॅमेऱ्यांनी ठरवली नव्हती, माझ्या वजनांनी ठरवली होती. आणि ती वजनं कुठून आली? माझ्या डोक्यातून. कुठल्याही 'टॉप टेन' यादीत हीच मेख असते. फरक एवढाच, की तिथं वजनं लिहिलेलीही नसतात.

दुसरी गोष्ट, मी जे सहज मोजता येतं तेच मोजलं. रेझोल्यूशन खोक्यावर छापलेलं असतं. पण साधा हिशेब करा: चित्रीकरण सेकंदाला २ मेगाबिटनं चालू राहिलं तर दिवसाला साधारण २१.६ जीबी होतात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसांत भरतं. पुढचं चित्रीकरण एकतर जुन्यावर लिहिलं जातं, नाहीतर कंपनीच्या सर्व्हरवर जातं. 'साठवण कुठे' हा रकानाच माझ्या तक्त्यात नव्हता.

वायरचा रकानाही नव्हता. 'वायरलेस' म्हटलं तरी बहुतेक कॅमेऱ्यांना चार्जरची वायर असतेच. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा सल्ला आहे, की ती पाळण्यापासून किमान ३ फूट लांब हवी, कारण ती बाळाच्या गळ्याभोवती अडकू शकते. याच धोक्यामुळे २०११ साली तिथं सुमारे १७ लाख व्हिडिओ मॉनिटरांबद्दल रिकॉल जाहीर झालं. बाळाच्या जिवाशी सर्वांत थेट संबंध असलेली गोष्ट, आणि मी तिला शून्य टक्के वजन दिलेलं.

९ कॅमेऱ्यांचा अहवाल कसा वाचायचा

नंतर अपराधी वाटून मी वाचायला बसले, आणि पहिल्यांदा हाती लागला तो रॅपिड-सेव्हन या सुरक्षा कंपनीचा सप्टेंबर २०१५ चा अहवाल. त्यांनी बाळांवर लक्ष ठेवणारे ९ कॅमेरे तपासून त्यांना शाळेसारखी श्रेणी दिली. ८ नापास झाले, आणि उरलेला एकही 'डी'च्या वर गेला नाही. लगेच ताईला फोन करून "जवळपास ९० टक्के कॅमेरे असुरक्षित असतात" असं सांगायचा मोह झाला.

इथंच थांबायचं. ९ पैकी ८ म्हणजे ८८.९ टक्के, बरोबर. पण नमुना ९ चाच असेल तर ९५ टक्के विश्वासांतर साधारण ५२ पासून ९९.७ टक्क्यांपर्यंत पसरतं. तेही नमुना यादृच्छिक असेल तर, आणि हा नव्हता. कॅमेरे निवडून घेतलेले होते, बाजार अमेरिकेचा, साल २०१५. त्यावरून आज नाशिकच्या दुकानातल्या कॅमेऱ्यांची टक्केवारी सांगता येत नाही.

मग अहवाल टाकाऊ का? अजिबात नाही. त्याच्या शीर्षकातच 'केस स्टडी' असं लिहिलंय. 'असे दोष किती कॅमेऱ्यांत असतात?' या प्रश्नाला ९ चा नमुना पुरत नाही. 'पैसे मोजून घेतलेल्या कॅमेऱ्यात असे दोष असू शकतात का?' या प्रश्नाला एक कॅमेराही पुरतो. अभ्यास कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय आणि आपण त्याच्याकडून कोणत्या प्रश्नाचं उत्तर उकळतोय, हे वेगळं काढणं म्हणजे चिकित्सक वाचन. मुलाखतीत एवढं जमलं तरी खूप झालं.

धोका नेमका कुणापासून?

माझा दुसरा गोंधळ 'सुरक्षित' या शब्दाचा. ट्रेंडनेट कंपनीचे कॅमेरे 'सुरक्षित' म्हणून विकले जात होते. २०१२ मध्ये त्यातल्या सुमारे ७०० कॅमेऱ्यांचं थेट चित्रण इंटरनेटवर उघडं पडलं, त्यात पाळण्यात झोपलेली बाळंही होती. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कंपनीवर कारवाई केली. तिथं दोष कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होता.

२०२३ मध्ये त्याच कमिशननं रिंग कंपनीवर जे आरोप ठेवले ते वेगळ्या जातीचे होते: कर्मचाऱ्यांना ग्राहकांची चित्रणं बघता येत होती, आणि इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून बाहेरचे लोक खात्यांत शिरत होते. प्रकरण ५८ लाख डॉलरवर मिटलं.

प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०१७ च्या सुमारास आणखी एक गोष्ट दाखवली. घरातल्या कॅमेऱ्याची माहिती कूटबद्ध असली, तरी डेटा किती वेगानं वाहतोय एवढ्यावरूनही कॅमेऱ्यासमोर हालचाल होतेय का, कुणी थेट बघतंय का, याचा अंदाज लावता येतो.

तीन उदाहरणं, तीन वेगळे धोके. 'एन्क्रिप्शन आहे' या एका रकान्यात तिन्ही बसत नाहीत. ब्रिटननं २९ एप्रिल २०२४ पासून निदान तीन गोष्टी कायद्यानं सक्तीच्या केल्या: सगळ्यांना एकच ठरावीक पासवर्ड नको, दोष कळवायला जागा हवी, आणि सुरक्षा अपडेट किती काळ मिळणार ते जाहीर करायला हवं. तुम्ही कॅमेरा घेणार असाल तर ही यादी माझ्या तक्त्यापेक्षा नक्कीच कामाची आहे.

टॉवेल

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते.

कॅमेरा लावून तीन आठवडे झाले असतील. ताईचा फोन: "अगं, हा रोज शाळेतून आला की कॅमेऱ्यावर टॉवेल टाकतो. काय करू?" मी म्हटलं, "वर लाव, हात पोचणार नाही असा." तिनं लावला.

दोनेक महिन्यांनी लॅबमधल्या एका मैत्रिणीला एथिक्स कमिटीचा फॉर्म भरायला मदत करत होते. तिचा अभ्यास शाळकरी मुलांवर आहे. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समोर उघडी होती: ७ वर्षांपुढच्या मुलाची, पालकांच्या संमतीशिवाय वेगळी, स्वतःची अनुमती घ्यायची. लहान असेल तर तोंडी. फॉर्म भरता भरता मला टॉवेल आठवला.

आठ वर्षांच्या मुलानं त्याच्या परीनं 'नाही' म्हटलं होतं. लॅबमध्ये मी हे 'सहभागीनं माघार घेतली' असं नोंदवलं असतं आणि निरीक्षण थांबवलं असतं. घरी मात्र मी त्याला तांत्रिक अडचण समजून उपकरणाची उंची वाढवली.

मूळ चूक संशोधन प्रश्नातच होती. एकाच खोलीत दोन मुलं आणि दोन वेगळे प्रश्न होते. 'बाळ उठलं का?' याला आवाज पुरतो, चित्रही लागत नाही. 'मोठा घरी पोचला का, जेवला का?' याला एक फोन पुरतो. मी दोन्हींच्या जागी 'दिसतंय का?' हा तिसराच प्रश्न ठेवला, कारण तो मोजायला सोपा होता. दिसणं म्हणजे सुरक्षितता, हे गृहीतक मी कुठंही तपासलं नाही. यालाच आपण कोर्सवर्कमध्ये 'कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटी' म्हणून पाठ करतो.

त्याच रात्री ताईला फोन करून कॅमेरा काढायला सांगितलं. ती आधी चिडली, "तूच घ्यायला लावलास ना?" खरं होतं. आता पाळण्यापासून चार फुटांवर फक्त आवाजाचा, इंटरनेट न लागणारा मॉनिटर आहे. मुलगा घरी आला की मावशींच्या फोनवरून आईला फोन करतो. ताईची काळजी पूर्ण गेलेली नाही, आणि ती कुठल्याही उपकरणानं जाईल असं मला वाटत नाही.

मागच्या महिन्यात नाशिकला गेले होते. खोलीत कॅमेरा नाही, भिंतीवर फक्त स्क्रूची दोन भोकं आहेत. भाचा अजूनही शाळेचे कपडे बदलायला बाथरूममध्ये जातो.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातला एखादा तुलना-तक्ता घ्या आणि तीन ओळी लिहा. वजनं कुणी ठरवली? सोपं म्हणून काय मोजलं? आणि ज्याच्यावर हे सगळं चाललंय त्याला कुणी विचारलं का? तिसरी ओळ कोरी राहिली, तर सिनॉप्सिस गाईडला पाठवायची घाई करू नका.