पुण्याच्या क्रिकेट-संघाचे मोल : एक परामर्श

राजूर (ता. भोकरदन, जि. जालना) हे गणेशक्षेत्र. अंगारकीला तेथे लोटणारी गर्दी पाहिली म्हणजे लोकांच्या उत्साहाला मोल किती असते, असा प्रश्न सहज मनात येतो. मराठवाड्यातील यात्रांतून भरणारे कुस्त्यांचे फड ह्या प्रश्नाचे एक जुने उत्तर देतात. पंचमंडळी आधी वर्गणी गोळा करतात आणि मग इनाम जाहीर करतात. वर्गणी उणी पडली तर शेवटच्या कुस्तीचे इनाम खाली येते. पंच कर्ज काढून पहिलवान आणीत नाहीत. व्यावसायिक क्रीडासंघाचा व्यवहार नेमका ह्याच्या उलट चालतो. तेथे इनाम आधी बोलले जाते व वर्गणीचा हिशेब मागाहून मांडला जातो. ह्या उलट्या रीतीचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'पुणे वॉरियर्स' हा संघ होय.

मार्च २०१० मध्ये इंडियन प्रीमियर लीगमधील दोन नव्या संघांचा लिलाव झाला. पुण्याच्या संघासाठी सहारा समूहाने ३७ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १,७०२ कोटी रुपये, इतकी बोली दिली. २००८ मध्ये विकल्या गेलेल्या आठ संघांत सर्वांत महाग ठरलेल्या मुंबईच्या संघाची किंमत ११ कोटी १९ लक्ष डॉलर होती. दोन वर्षांत तिपटीहून अधिक! ही रक्कम दहा वर्षांत विभागून द्यावयाची असल्याने पुण्याच्या मालकांवर दरसाल ३ कोटी ७० लक्ष डॉलरचा बोजा पडला. मुंबईकरांवर तो १ कोटी १२ लक्षांचा होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रक्षेपणाच्या हक्कांतून येणाऱ्या उत्पन्नातील संघांचा वाटा सर्व संघांत सारखा वाटला जातो. तिप्पट दाम मोजणाऱ्यास म्हणून तिप्पट वाटा मिळत नाही. उरलेली तूट तिकिटे, जाहिरातदार व कीर्ती ह्यांतून भरून निघावयाची. आणि कीर्ती तर अजून मिळवावयाचीच होती.

सहारा समूहाची तक्रार सामन्यांच्या संख्येविषयी होती. दहा संघ परस्परांशी दोनदा खेळले असते तर ९० साखळी सामने व ४ अंतिम फेरीतील, असे ९४ सामने झाले असते. २०११ मध्ये प्रत्यक्षात ७४ झाले, व प्रत्येक संघाच्या वाट्याला अठराऐवजी चौदा सामने आले. ही तक्रार निराधार नव्हती. परंतु तिचे वजन किती, हे तपासणे अवघड नाही. सामन्यांच्या प्रमाणात शुल्क घटविले असते तरी ३ कोटी ७० लक्षांचे सुमारे २ कोटी ९१ लक्ष डॉलर झाले असते; म्हणजे मुंबईच्या वार्षिक शुल्काच्या अडीच पटींहून अधिकच. तेव्हा अपयशाचे मूळ सामन्यांच्या संख्येत नसून बोलीतच होते, असे म्हणावे लागते.

मैदानावरील वृत्तान्त थोडक्यात सांगता येतो. पहिल्या वर्षी पुण्याच्या ह्या संघाला पुण्यात घरच नव्हते. 'घरचे' सामने नवी मुंबईत झाले. २०१२ मध्ये गहुंजे येथील नवे मैदान मिळाले व त्यास सहारा समूहाच्या प्रमुखांचे नावही मिळाले. त्याच वर्षी युवराज सिंग कर्करोगावरील उपचारांमुळे खेळू शकला नाही, व नेतृत्व सौरव गांगुलीकडे आले. तिन्ही हंगामांत संघाला प्रत्येकी चारच विजय लाभले. मे २०१३ मध्ये नियामक मंडळाने शुल्कापोटी बँकेची हमी वटविली, तेव्हा मालकांनी माघार जाहीर केली. ऑक्टोबरमध्ये मंडळाने करार रद्द केला. मैदानावरील नावही उतरले.

इंग्लंडमधील रग्बी-संघांची कथा ह्याहून वेगळी दिसते, पण आतून ती दूरची नाही. १८६७ मध्ये स्थापन झालेला 'वॉस्प्स' हा लंडनचा संघ २०१४ मध्ये कॉव्हेंट्रीस गेला, तेथील मैदान त्याने विकत घेतले, आणि २०१५ मध्ये साडेसहा टक्के व्याजाचे रोखे काढून साडेतीन कोटी पौंड उभारले. २०२२ मध्ये मुद्दल फेडण्याची वेळ आली, ती फेडता आली नाही, व त्याच वर्षी संघ दिवाळखोरीत गेला. त्याच सुमारास वूस्टर आणि पुढील वर्षी लंडन आयरिश हे संघही सर्वोच्च साखळीतून गळाले. तेराचे दहा राहिले. वॉस्प्सच्या रोख्यांत संघाच्या चाहत्यांचाही पैसा होता, ही त्या प्रकरणातील सर्वांत दुःखद बाजू होय.

पुण्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच अस्वस्थ करणारा आहे. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे २४,००० कोटींहून अधिक रुपये व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. हे गुंतवणूकदार बहुतांशी लहान गावांतील व अल्प बचतीचे असल्याचे कंपन्यांचेच म्हणणे होते. त्या ठेवींतून संघ विकत घेतला गेला, असा निष्कर्ष येथे काढावयाचा नाही. तसा पुरावा नाही. तथापि राजूरसारख्या गावातील दुकानदार आपली बचत कोणाच्या हाती देतो आणि तो हात लिलावात किती उंच उठतो, ह्या दोन गोष्टी वृत्तपत्रांच्या निरनिराळ्या पानांवर छापल्या गेल्या, क्रीडासमीक्षेने त्या कधी एकत्र वाचल्या नाहीत. हा दोष मालकांचा नव्हे, समीक्षेचा आहे.

पुण्यास पुढे २०१६ व २०१७ ह्या दोन हंगामांपुरता दुसरा संघ मिळाला. त्याच्या मालकांनी मध्यवर्ती उत्पन्नाचा वाटा सोडून उलट दरसाल १६ कोटी रुपये देण्याची बोली केली होती. मुदत ठरलेली, रक्कम आटोक्यातली. हा संघ २०१७ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला आणि मुदत संपताच विसर्जित झाला. २०१८ मध्ये गहुंजेच्या मैदानावर 'घरचे' सामने खेळला तो चेन्नईचा संघ.