स्पिरिटचा मोसम आणि सहावं मिनिट

‘स्पिरिट’ म्हटलं की आपल्या पिढीला आधी आठवतं ते इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टर कापसाच्या बोळ्यावर घालतात ते. पण लाउडन आणि फेअरफॅक्स काऊंटीतल्या ज्या घरांत शनिवार-रविवार मिनीव्हॅनमध्ये चिखलाचे बूट पडलेले असतात, तिथे स्पिरिट म्हणजे वॉशिंग्टन स्पिरिट, आपल्या भागातला स्त्रियांचा व्यावसायिक फुटबॉल संघ. (इथे राहतो म्हणून ‘सॉकर’ म्हणायला हवं, पण लेख मराठीत आहे, तेव्हा मी फुटबॉलच म्हणते. अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी रागावू नये!) २०२१ मध्ये या संघाचे घरचे काही सामने आपल्या लीसबर्गच्या सेग्रा फील्डवर झाले. म्हणजे इंडियन ग्रोसरी आणि देऊळ यांच्या वाटेवरच.

त्याच वर्षी स्पिरिटने नॅशनल विमेन्स सॉकर लीगचं, म्हणजे एनडब्ल्यूएसएलचं, विजेतेपद पटकावलं. मोसमभर संकटं, प्रशिक्षक गेला, मालकांत भांडणं, करोना, आणि शेवटी चषक! आपल्याकडे ही गोष्ट अजून अशीच सांगतात, एखाद्या हिंदी सिनेमासारखी. माझं म्हणणं असं, की ही गोष्ट अशी सांगणं म्हणजे त्या मुलींवर अन्याय आहे.

मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट. समीक्षेशी माझा संबंध म्हणाल तर एवढाच, की प्रोजेक्ट संपला की ‘काय चुकलं, काय जमलं’ याचा अहवाल लिहायचं काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतं. प्रोजेक्ट वेळेवर ‘लाइव्ह’ गेला म्हणजे तो चांगला चालला होता असं नसतं, हे तिथे पहिल्याच वर्षी कळतं. कधीकधी चार जणांनी रात्री जागून काढलेल्या असतात आणि वरती स्टेटस रिपोर्ट मात्र छान हिरवागार! २०२१ चा मोसम तशाच नजरेने पाहायला हवा.

आधी खेळाविषयी, कारण खेळ खरोखरच देखणा होता. लीगमध्ये तेव्हा दहा संघ होते. स्पिरिटच्या मधल्या फळीत अँडी सलिव्हन होती. ही आपल्याच फेअरफॅक्स काऊंटीतल्या लॉर्टनची. तिचा खेळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती काही करते आहे असं वाटतच नाही; चेंडू तिच्याकडे येतो आणि योग्य जागी जातो, बस्स. पंक्तीत वाढणाऱ्या जुन्या अनुभवी बाईसारखं, कुणाच्या पानात काय संपलंय ते तिला न पाहता कळतं. पुढे अ‍ॅशली हॅच. त्या मोसमात साखळीत सर्वाधिक म्हणजे दहा गोल तिचे. तिच्या जोडीला अ‍ॅशली सँचेझ आणि ट्रिनिटी रॉडमन.

या रॉडमनविषयी दोन शब्द जास्त लिहायलाच हवेत. बास्केटबॉलमधल्या डेनिस रॉडमनची ही मुलगी. करोनामुळे कॉलेजच्या संघाकडून एकही सामना न खेळता अठराव्या वर्षी ती व्यावसायिक लीगमध्ये आली. (आपल्या घरात अठराव्या वर्षी कॉलेज सोडते म्हणणाऱ्या मुलीचं काय झालं असतं, ते इथे लिहीत नाही.) पहिल्याच सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरली आणि काही मिनिटांत गोल केला. तिचं वैशिष्ट्य वेगापेक्षाही थांबण्यात आहे. ती भरधाव जाते, बचावपटू तिच्या मागे सुटते, आणि ही एकदम थबकते. मागची बिचारी एसटी चुकल्यासारखी पुढे निघून जाते. वर्षाअखेर नवोदितांमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं पारितोषिक तिलाच मिळालं, आणि त्याबद्दल कुणाचं दुमत असेल असं वाटत नाही.

आता दुसरी बाजू. १० ऑगस्ट २०२१ ला क्लबने जाहीर केलं, की प्रशिक्षक रिची बर्क प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडत असून क्लबच्या कार्यालयात दुसरं काम पाहतील. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन पोस्टमध्ये खरी प्रकृती छापून आली. माजी खेळाडूंनी त्यांच्या शिवीगाळीच्या, अपमानाच्या, वांशिक शेरेबाजीच्या तक्रारी केल्या होत्या. काया मॅककलक या तरुण खेळाडूने तर नावानिशी सांगितलं, की या माणसामुळे तिचं खेळावरचं प्रेमच उडालं. २८ सप्टेंबरला लीगने चौकशीअंती बर्क यांना काढून टाकलं. मध्यंतरी करोनाचे नियम मोडल्याबद्दल स्पिरिटचे दोन सामने न खेळताच ३-० ने हरल्याची नोंद झाली होती. एक पोर्टलंडविरुद्ध, एक सिएटलकडच्या ओएल रेनविरुद्ध. साखळीअखेर हे दोन्ही संघ स्पिरिटच्या वर होते, हे सहज लक्षात असू द्या.

आणि मग ३० सप्टेंबर. मेग लिनेहान या पत्रकार बाईंनी ‘द अ‍ॅथलेटिक’मध्ये पॉल रायली या लीगमधल्या नावाजलेल्या प्रशिक्षकाविषयी लिहिलं. शिनेड फॅरेली आणि माना शिम या त्यांच्या माजी खेळाडूंनी त्यांच्यावर लैंगिक जबरदस्तीचे आरोप केले होते. रायली यांनी बहुतेक आरोप नाकारले. त्यांच्या क्लबने त्यांना त्याच दिवशी काढलं.

आयटीवाल्यांनी इथे जरा थांबून वाचावं. शिमने तक्रार २०१५ मध्येच केली होती, तेव्हाच्या क्लबकडे, म्हणजे पोर्टलंडकडे. क्लबने चौकशी केली, रायलींना मुदतवाढ दिली नाही, आणि बाहेर मात्र त्यांचे आभार मानले. २०१६ मध्ये ते त्याच लीगमधल्या दुसऱ्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि पुढच्या चार वर्षांत तीन वेळा विजेते. एप्रिल २०२१ मध्ये फॅरेलीने लीगच्या वरिष्ठांना पुन्हा ईमेल लिहिली. उत्तर काय, तर त्या तक्रारीची चौकशी तेव्हाच झालेली आहे. म्हणजे आपल्या भाषेत, तिकीट क्लोज्ड! बग जिथल्या तिथे, पण तिकीट क्लोज्ड. त्यानंतर लीगच्या कमिशनर लिसा बेअर्ड यांना एका दिवसात पद सोडावं लागलं.

या मुली एवढी वर्षं गप्प का राहिल्या, असा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. त्याचं उत्तर लीगच्या इतिहासात आहे. स्त्रियांची पहिली व्यावसायिक लीग, डब्ल्यूयूएसए, एप्रिल २००१ मध्ये आपल्याच आरएफके स्टेडियमवर सुरू झाली. मिया हॅम खेळत होती आणि ३४,१४८ लोक आले होते. तीन मोसमांत ती लीग बंद पडली. दुसरी २००९ मध्ये निघाली, तीही तीन मोसमांनी आटोपली. तिसरी ही, २०१३ पासूनची. तिच्यात २०२१ मध्येही किमान वार्षिक पगार २२ हजार डॉलर होता. एवढ्या पैशांत आपल्या भागात एका खोलीचं भाडं तरी निघतं का, याचा हिशोब तुम्हीच करा. तक्रार केली तर लीगच बुडेल आणि सगळ्याजणी घरी बसतील, ही भीती प्रत्येकीच्या मानगुटीवर बसलेली. एच-वनवर असताना मॅनेजरविरुद्ध एचआरकडे जायला कितीजण धजले होते, हे आठवलं तर हे गप्प राहणं आपल्याला कळायला कठीण नाही. शिवाय जायचं तरी कुठे? संपूर्ण लीगला लागू होणारं छळविरोधी धोरण आलं तेच मुळी २०२१ मध्ये, आठ मोसम उलटून गेल्यावर, आणि तेही खेळाडूंनी मागितलं म्हणून.

खेळाडूंच्या मागणीवरून त्या शनिवार-रविवारचे सामने रद्द झाले. ६ ऑक्टोबरच्या रात्री तीन सामन्यांनी लीग पुन्हा सुरू झाली. तिन्ही मैदानांवर सहाव्या मिनिटाला दोन्ही संघांनी खेळ थांबवला आणि सगळ्या मुली मधल्या वर्तुळात एकमेकींच्या हातांत हात गुंफून उभ्या राहिल्या. सहावं मिनिट अशासाठी, की मानाचं आणि शिनेडचं म्हणणं ऐकून घ्यायला सहा वर्षं लागली होती. स्पिरिट त्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टरमध्ये गॉथमविरुद्ध खेळत होती. सामना ०-० सुटला. माझ्या मते त्या मोसमातलं सर्वात मोलाचं मिनिट ते, आणि आकडेवारीच्या तक्त्यात त्याला जागाच नाही. न खेळलेले दोन पराभव तिथे व्यवस्थित नोंदलेले आहेत, बरं का!

नंतरचं तुम्हाला माहीतच आहे. क्रिस वॉर्ड या हंगामी प्रशिक्षकाच्या हाताखाली ते दोन कागदी पराभव सोडले तर संघ हरलाच नाही. बाद फेरीत नॉर्थ कॅरोलायनाला जादा वेळेत हॅचच्या गोलने हरवलं, उपांत्य सामन्यात रेनला त्यांच्याच घरी २-१ ने. अंतिम सामना खरं तर पोर्टलंडला सकाळी नऊ वाजता ठेवला होता, टीव्हीच्या सोयीसाठी! खेळाडूंनी आवाज उठवला तेव्हा तो लुइव्हिलला दुपारी गेला. तिथे २० नोव्हेंबरला शिकागोविरुद्ध स्पिरिट मध्यंतराला एका गोलने मागे होती. ६७व्या मिनिटाला सलिव्हनने पेनल्टीवर बरोबरी साधली, जादा वेळेत ९७व्या मिनिटाला रॉडमनच्या क्रॉसवर केली ओ’हाराने डोक्याने गोल केला, आणि उरलेला वेळ गोलकीपर ऑब्री ब्लेडसोने सांभाळला.

सिनेमा इथे संपतो. पण पडदा पडल्यावर विंगेत काय झालं पाहा. अंतिम सामना होऊन दोन दिवस होत नाहीत तोच शिकागोचे प्रशिक्षक रोरी डेम्स यांनी राजीनामा दिला, कारण त्यांच्याविषयीचा वृत्तांत छापून येत होता. म्हणजे अंतिम फेरीतल्या दोन्ही संघांना त्या वर्षी असेच प्रशिक्षक लाभले होते. जानेवारी २०२३ मध्ये लीगने बर्क, रायली, डेम्स आणि लुइव्हिलचे माजी प्रशिक्षक ख्रिस्टी हॉली यांच्यावर कायमची बंदी घातली. आणि ज्या वॉर्डना या गोष्टीत तारणहार म्हणून उभं करतात, त्यांनाही सरावातल्या एका प्रसंगानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये क्लबने काढलं. संकटामुळे संघ घडला, असं म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: तेच संकट इतर संघांतही होतं, ते का नाही घडले? स्पिरिट जिंकली ती सलिव्हन, हॅच आणि रॉडमन होत्या म्हणून. छळ सोसल्यामुळे नव्हे.

एका बाबतीत मात्र या संघाने खरोखर वेगळं काही केलं. सहमालकीण मिशेल कँग आणि मुख्य मालक स्टीव्ह बॉल्डविन यांच्यात वाद चालू होता. ऑक्टोबरमध्ये खेळाडूंनी बॉल्डविन यांना जाहीर पत्र लिहून सांगितलं, की तुमचा वाटा कँगना विका. पगार देणाऱ्या मालकाला! कँग बाई दक्षिण कोरियातून शिकायला अमेरिकेत आल्या आणि इथे उत्तर व्हर्जिनियात त्यांनी आरोग्यक्षेत्रातली आयटी कंपनी काढली, तेव्हा त्यांची वाट आपल्याला अगदीच परकी नाही. मार्च २०२२ मध्ये क्लब त्यांच्या ताब्यात आला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला खेळाडूंच्या संघटनेने लीगशी पहिला सामूहिक करार केला आणि किमान पगार ३५ हजारांवर गेला. मला तरी चषकापेक्षा या दोन गोष्टींचं कौतुक जास्त वाटतं.

हे सगळं मंडळाच्या स्मरणिकेत कशाला, असं कुणी म्हणेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये सॅली येट्स यांच्या चौकशीचा अहवाल आला. दोनशेहून अधिक मुलाखती घेऊन त्यांनी जे लिहिलं त्यातलं एक निरीक्षण आपल्या दारापर्यंत येतं: ओरडणारा, पाणउतारा करणारा प्रशिक्षक चालवून घेण्याची सवय मुलांच्या क्लबांपासूनच लागते. बर्क या भागात आधी मुलांच्या क्लबांतच शिकवत होते. डेम्स इलिनॉयमध्ये मुलींचा नावाजलेला क्लब चालवत होते. आपण मात्र ट्रॅव्हल टीममध्ये निवड झाली की पेढे वाटतो. कोच ओरडला तर ‘चांगल्यासाठीच ओरडतात’ म्हणतो, कारण आपल्या वेळी सर ओरडायचेच, आणि सरांविरुद्ध बोलायचं नसतं हे आपल्याला बाराखडीबरोबर शिकवलेलं. त्यात कॉलेजच्या अर्जावर ‘व्हार्सिटी सॉकर’ लिहायचा मोह. मुलगी गाडीत मागे हेडफोन लावून गप्प बसली, तर दमली असेल असं आपण समजतो. दमलेलीच असेल बहुतेक वेळा. पण काया मॅककलक काय म्हणाली ते आधी वाचलेलं असलं, तर निदान घरी पोचेपर्यंत एकदा विचारावंसं वाटेल.

घरात खेळणारी मुलगी असेल तर तिच्याबरोबर अंतिम सामना जरूर पाहा. वेळ कमी असेल तर उत्तरार्धापासून लावा, सलिव्हन त्यानंतरच खरी दिसते, आणि ओ’हाराच्या गोलच्या वेळी चेंडूकडे न पाहता रॉडमनकडे पाहा. ६ ऑक्टोबरच्या त्या सामन्यात एकही गोल नाही. त्याची पहिली सात मिनिटं पाहिली तरी पुरे.