येते, येतो, येतं

मराठीत साधं “निघते” म्हणायचं, तरी आधी बाई की पुरुष ते सांगावं लागतं. सुषमा देशपांडे यांचा ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा 1989 पासूनचा एकपात्री प्रयोग पाहिला, तेव्हा हे मनात आलं. एक बाई उभी राहते, “मी” म्हणते, आणि इतिहासातली सावित्रीबाई आपल्याशी बोलू लागते. पण जिचं-ज्याचं शरीर जन्मतःच बाई-पुरुष अशा साच्यात बसत नाही, त्या इंटरसेक्स माणसानं “मी” म्हटल्यावर पुढचं क्रियापद कुठलं?

सावित्रीबाईंची पत्रं आहेत, कविता आहेत. यांचं काय आहे? आमच्या आदिलाबादवर निजामाचं राज्य होतं, तेव्हा 1919 चा एक कायदा आला. संशयावरून नावं वहीत लिहायची, डॉक्टरनं शरीर तपासायचं. नोंद झालेला माणूस बायकी वेशात रस्त्यावर दिसला, नाचला-गायला, तर वॉरंटशिवाय अटक. हिजडा कोण, इंटरसेक्स कोण, कुणी विचारलंच नाही. तेलंगणा हायकोर्टानं तो रद्द केला 2023 मध्ये! ज्यांना चौकात गाणंच गुन्हा होतं, त्यांचा आवाज रंगमंचावर येणं ही नुसती करमणूक कशी म्हणायची?

आपलं घरही तपासू या, बायांनो. श्वेतांबर परंपरेत सिद्धांच्या पंधरा प्रकारांत ‘नपुंसकलिंग सिद्ध’ आहे. ऐकून बरं वाटतं. पण टीकाकार लगेच सांगतात, जन्मजात नव्हे, कृत्रिम. दार उघडलं आणि अर्धं लोटलं. बाईच्या मोक्षावर शतकानुशतकं वाद ऐकलेल्या आपण, हे दार ओळखू नये?

फ्रान्सच्या एर्क्युलिन बार्बांनं मात्र स्वतः लिहून ठेवलं. मुलगी म्हणून वाढवलं, 1860 मध्ये कोर्टानं पुरुष ठरवलं, 1868 मध्ये त्या जिवानं आत्महत्या केली. आठवणींत स्वतःबद्दल कधी स्त्रीलिंग, कधी पुल्लिंग.

म्हणून मला वाटतं, असा मराठी प्रयोग करणाऱ्यानं खोटं आत्मचरित्र रचू नये. ती वही, तो कायदा, ती टीका मोठ्यानं वाचावी. मग “मी” म्हणावं आणि क्रियापदापाशी थांबावं. ते म्हणायचा पहिला हक्क इंटरसेक्स कलाकाराचा. आपण समोर बसून, घाई न करता, ऐकायचं. जिवाला लिंग नाही, हे व्याख्यानात आपण किती वेळा ऐकलंय!